ओकायामाचा एक दिवस: जपानमध्ये मुलांकडे आलेल्या आई-वडिलांसाठी

मुलगा किंवा मुलगी ओसाका-कोबे परिसरात नोकरीला असेल आणि आपण दोन-तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलेले असाल, तर पहिले काही शनिवार-रविवार क्योतो, नारा आणि ओसाकाचा किल्ला पाहण्यात निघून जातात. त्यानंतर प्रश्न उरतो तो कामाच्या दिवसांचा. मुले सकाळी कचेरीला जातात, रात्री उशिरा परततात, आणि भाषा येत नाही म्हणून आई-वडील घरातच बसून राहतात. हा लेख त्या कामाच्या दिवसांपैकी एका दिवसासाठी आहे. मुलांना रजा न घ्यायला लावता, आपले आपण जाऊन संध्याकाळी सुखरूप परत येता येईल अशा एका मध्यम आकाराच्या शहराची, ओकायामाची, सहल कशी करावी हे यात क्रमाने सांगितले आहे.

ओकायामाच का, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जे पु. ल. देशपांडे उद्यान आहे, त्याचे दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असे आहे, आणि ते ज्या बागेवरून प्रेरणा घेऊन उभारले गेले, ती कोराकुएन ही बाग ओकायामा शहराच्या मधोमध आहे. कानाझावाची केनरोकुएन, मितोची काइराकुएन आणि ओकायामाची कोराकुएन या जपानच्या तीन श्रेष्ठ बागा मानल्या जातात. पुणेकरांना या बागेचा वेगळा परिचय करून द्यावा लागत नाही. पण पुणेकर नसलेल्यांनाही हे शहर सोयीचे आहे, कारण रेल्वेस्थानक, बाग आणि किल्ला हे सारे एकाच सरळ रस्त्याच्या आसपास आहे आणि क्योतोसारखी गर्दी येथे नसते.

दिवस आणि ऋतू कोणता निवडावा

मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलते आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मेपलची पाने लाल होतात. हे दोन काळ उत्तम आहेत. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी दिवस असतात, तर ऑगस्टमध्ये उकाडा आपल्या कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देणारा असतो आणि बागेत सावलीही फारशी नाही, त्यामुळे साठीपुढच्या मंडळींनी ऑगस्टमधली दुपार टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे. सप्टेंबरमध्ये वादळाचा इशारा असेल, तर त्या दिवशी निघूच नये, कारण अशा वेळी शिनकान्सेन ही अतिजलद रेल्वे आगाऊ घोषणा करून बंद ठेवली जाते. एरवी ओकायामा प्रांत कमी पावसासाठीच प्रसिद्ध आहे, त्यामुळे बेत फिसकटण्याची शक्यता कमी.

एप्रिल-मेच्या संधिकाळातील सुट्ट्यांचा आठवडा, ऑगस्टच्या मध्यातील ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण आणि वर्षअखेर या तीन काळांत गाड्या तुडुंब भरलेल्या असतात आणि नोझोमी या जलद शिनकान्सेन गाड्यांमध्ये अनारक्षित डबेच ठेवले जात नाहीत. या तीन काळांत जाऊ नये.

तिकिटाचा हिशेब

शिन-ओसाका ते ओकायामा हे अंतर साधारण १८० किलोमीटर आहे. शिनकान्सेनने पाऊण तास लागतो आणि एका बाजूचे भाडे आसनाच्या प्रकारानुसार सुमारे साडेपाच ते साडेसहा हजार येन होते. म्हणजे जाऊन-येऊन माणशी सुमारे १२,००० येन. येथेच एक गोष्ट लक्षात घ्यावी. पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीचा ‘कान्साई वाइड एरिया पास’ सलग ५ दिवस चालतो, त्यात शिन-ओसाका ते ओकायामा ही शिनकान्सेन समाविष्ट आहे, आणि त्याची किंमत जवळपास या एका फेरीइतकीच असते. त्याच पाच दिवसांत क्योतो, हिमेजी किंवा कोबे असे आणखी कुठे जाणार असाल, तर तो प्रवास जणू फुकटातच पडतो.

मात्र हा पास केवळ अल्पकालीन भेटीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी आहे. आई-वडिलांना तो मिळतो, पण नोकरीच्या व्हिसावर तेथे राहणाऱ्या मुलाला, सुनेला किंवा मुलीला तो मिळत नाही. सगळे कुटुंब मिळून निघणार असेल तर हा फरक खिशाला जाणवतो, आणि अनेकांना तो तिकीट खिडकीवर पोहोचल्यावरच कळतो. दोघांनीच जाण्याचा बेत या कारणानेही सोयीचा ठरतो. पास घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. तसेही अल्पकालीन पाहुण्यांनी जपानमध्ये पासपोर्ट कायम जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे तो घरच्या कपाटात ठेवून निघू नये.

साध्या गाड्या बदलत गेल्यास भाडे जवळपास निम्मे होते, परंतु हिमेजी आणि आणखी एखाद्या ठिकाणी गाडी बदलत तीन तास लागतात. तरुणांनी तसे जरूर करावे. गुडघेदुखी असलेल्यांनी त्या बचतीच्या मागे लागू नये.

आदल्या रात्रीची तयारी

मुलांकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात. पहिली, जाण्याच्या गाडीचे आरक्षण. शक्य असेल तर साकुरा किंवा मिझुहो या नावांच्या शिनकान्सेन गाड्यांचे आरक्षण मागावे, कारण या गाड्या बहुधा शिन-ओसाकाहूनच सुटतात, त्यामुळे चढण्याची घाई होत नाही, आणि त्यांच्या आरक्षित साध्या डब्यांत एका रांगेत दोन-दोन अशी ऐसपैस आसने असतात. आसन गाडीच्या उजव्या हाताचे घ्यावे, म्हणजे हिमेजी स्थानक येताच पांढराशुभ्र हिमेजी किल्ला खिडकीतून दिसतो. परतीचे आरक्षण मात्र करू नये. गाड्या तासाला अनेक असतात, आणि बागेत बसलेले असताना घड्याळाकडे पाहावे लागले तर या सहलीचा हेतूच हरवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एका जाड कागदावर जपानी लिपीत लिहून घेतलेला मजकूर. एका बाजूला घरचा पत्ता, जवळच्या स्थानकाचे नाव आणि मुलाचा फोन क्रमांक. दुसऱ्या बाजूला आपण काय खात नाही त्याची यादी. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगून भागत नाही, कारण माशापासून काढलेले ‘दाशि’ नावाचे पाणी सूप, नूडल्स, भाज्या आणि चटण्यांतही असते आणि पुष्कळांच्या लेखी तो मांसाहार नव्हेच. म्हणून मांस, मासे, दाशि आणि लागू असल्यास अंडे, असे एकेक नाव लिहून घ्यावे. तोंडी सांगण्यासाठी ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे मांसही नाही आणि मासेही खात नाही, एवढे वाक्य पाठ केले तरी बरेच काम होते.

तिसरी गोष्ट, ओसाकात लोकल गाड्यांसाठी वापरतो तेच इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचे कार्ड पुरेसे भरलेले असावे. ओकायामाच्या ट्राममध्येही ते चालते. शिनकान्सेनसाठी मात्र वेगळे तिकीटच लागते. सोबत हजार येनच्या काही नोटा आणि सुटी नाणी ठेवावीत.

डबा आपणच न्यावा, असा माझा आग्रह आहे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, एखादे फळ हे प्रवासाचे आपले जुने पदार्थ येथे उत्तम टिकतात. शिनकान्सेनमध्ये खाणे पूर्णपणे शिष्टसंमत आहे, आसनापुढे तशी फळीही असते. पण बंद डब्यात लसणीच्या चटणीचा वास दूरवर पसरतो, तेव्हा ती उघड्यावर खाण्यासाठी राखून ठेवावी. साध्या लोकल गाड्यांत आणि ट्राममध्ये खाऊ नये. आणि एक रिकामी पिशवी आठवणीने घ्यावी, कारण रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नसतातच आणि आपला कचरा आपण घरी आणण्याची रीत आहे.

सकाळी: शिन-ओसाका ते ओकायामा

नवख्या माणसाची पहिली गफलत येथे होऊ शकते: शिनकान्सेन ओसाका स्थानकातून सुटत नाही, शिन-ओसाकाहून सुटते. ओसाकाहून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाडीने ते पुढचेच स्थानक आहे. कोबेत राहणाऱ्यांनी शिन-कोबे गाठावे. सुटे तिकीट काढले असेल तर बऱ्याचदा हातात दोन कागद येतात, एक मूळ भाड्याचा आणि दुसरा जलद गाडीच्या अधिभाराचा. ते दोन्ही एकावर एक ठेवून दारातील यंत्रात एकदम घालायचे, आणि पलीकडे बाहेर आले की न विसरता उचलायचे. यंत्राने अडवले तर घाबरू नये. दाराच्या कडेला कर्मचारी असतो, त्याला तिकीट दाखवावे.

सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास निघालात, तर कचेरीची गर्दी ओसरलेली असते आणि सव्वादहापर्यंत आपण ओकायामाला असता. शिनकान्सेनच्या सगळ्या गाड्या ओकायामाला थांबतात, त्यामुळे चुकीच्या गाडीत बसून पुढे निघून जाण्याची भीती नाही. फक्त गाडी पश्चिमेकडे, म्हणजे हिरोशिमा, हाकाता किंवा कागोशिमाच्या दिशेची आहे एवढे पाहावे. थांबा मिनिटभराचाच असतो, म्हणून घोषणा ऐकताच उठून दाराशी जावे. फोन आला तर डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन बोलावे, आणि आपसातले बोलणेही हलक्या आवाजात ठेवावे.

स्थानकापासून बागेपर्यंत

स्थानकाच्या पूर्व दाराने बाहेर पडावे. समोरच मोमोतारोचा पुतळा आहे. मोठ्या पीच फळातून जन्मलेला हा मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना ‘किबी दांगो’ हा खाऊ देऊन सोबती करतो आणि राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो, अशी ही जपानमधल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलेली गोष्ट आहे. ओकायामा तिला आपली मानते, आणि म्हणूनच येथून पूर्वेला जाणाऱ्या मुख्य रस्त्याचे नावही मोमोतारो मार्ग आहे. नातवंडे तेथे वाढत असतील तर त्यांच्याकडून ही गोष्ट आधी ऐकून घ्यावी. त्यांना आजी-आजोबांना काही शिकवण्याची संधी मिळते.

याच रस्त्यावरून ट्राम जाते. शहरात ट्रामचे दोनच मार्ग आहेत आणि दोन्ही मिळून लांबी जेमतेम ४.७ किलोमीटर आहे. आपल्याला हिगाशियामाकडे जाणारी गाडी हवी. सेइकिबाशीकडे जाणारी गाडी आपल्या थांब्याच्या आधीच वळते. चढायचे मागच्या दाराने आणि उतरायचे पुढच्या दाराने, पैसे उतरताना द्यायचे. रोख देणार असाल तर चालकाजवळच्या यंत्रात आधी सुटे करून घ्यावेत आणि मग नेमकी रक्कम पेटीत टाकावी, कारण उरलेले पैसे परत मिळत नाहीत. शिरोशिता हा सुरुवातीच्या थांब्यानंतरचा तिसरा थांबा आहे. तेथे उतरून नदीच्या दिशेने सुमारे दहा मिनिटे चालले, की पूल ओलांडून बागेच्या मुख्य दाराशी येतो. ज्यांना एवढेही चालणे नको, त्यांच्यासाठी स्थानकाच्या पूर्व बाजूहून बागेच्या दारापर्यंत जाणारी बस आहे, आणि ती त्यांनी निःसंकोच घ्यावी. पुढे बागेत बरेच चालायचे आहे.

कोराकुएन

मुख्य दाराशी तिकीट काढताना बाग आणि किल्ला यांचे एकत्र तिकीट मागावे, ते थोडे स्वस्त पडते. ज्येष्ठ नागरिकांना बागेच्या तिकिटात सवलत असते, तेव्हा पासपोर्ट हाताशी ठेवावा. बाग वर्षभर उघडी असते: २० मार्च ते ३० सप्टेंबर सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, आणि उरलेल्या काळात आठ ते पाच.

ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने त्सुदा नागातादा या आपल्या कारभाऱ्याकडून १६८७ मध्ये या बागेचे काम सुरू करवले आणि १७०० मध्ये ती पूर्ण झाली. १८८४ मध्ये ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात तिची मोठी हानी झाली, पण जुने नकाशे आणि चित्रे जपून ठेवलेली असल्यामुळे ती पूर्वीसारखी उभी करता आली. १३ हेक्टरांहून थोडी मोठी असलेली ही बाग पाहताना पहिल्या क्षणी आश्चर्य वाटते ते मोकळ्या हिरवळीचे. जपानी बाग म्हटले की दगड, शेवाळ आणि दाट झाडी डोळ्यांपुढे येते; येथे मात्र जागाच जागा आहे.

ही बाग चालत पाहण्यासाठी रचलेली आहे. वाट वळते तसे दृश्य बदलते, आणि नदीपलीकडचा किल्ला व दूरची मिसाओ टेकडी बागेच्या बाहेर असूनही बागेच्याच वाटाव्यात अशी मांडणी केलेली आहे. म्हणून दारातून शिरल्यावर सरळ तळ्याकडे धाव न घेता आधी एन्योतेई या सरदाराच्या बैठकीच्या घराजवळ थांबावे आणि तो जेथून बाग पाहत असे तेथून सगळा विस्तार पाहून घ्यावा. मग सावा-नो-इके या मोठ्या तळ्याच्या कडेने निघून युइशिन्झान या छोट्याशा टेकाडावर चढावे. उंची जेमतेम सहा मीटर आहे, पायऱ्या मात्र दगडी आहेत, तेव्हा हात धरून चढावे. वरून तळे, ओढा, हिरवळ यांचा एकमेकांशी असलेला संबंध एका नजरेत कळतो. पुण्याच्या उद्यानात गेलेल्यांना, तेथील टेकाड आणि पाण्याची वळणे कोणत्या विचाराने आखली गेली असावीत, हे येथे उभे राहिल्यावर उमगते.

टेकाड उतरून र्‍युतेन या लाकडी मंडपाकडे जावे. त्याच्या मधून ओढा वाहतो आणि प्रवाहात रंगीत दगड ठेवलेले आहेत. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर बसून पाण्याकडे पाहावे, एवढाच त्याचा उपयोग आहे, आणि तो पुरेसा आहे. येथे किमान पंधरा मिनिटे बसावे. बहुतेक पर्यटक छायाचित्र काढून पुढे जातात.

त्यापलीकडे चहाचा छोटा मळा आणि भाताची खाचरे आहेत. सरदाराच्या विलासी बागेत शेत कशासाठी, असा प्रश्न पडेल. पण पूर्वी या बागेत बराच भाग शेतीचाच होता, आणि त्याची आठवण म्हणून आजही मे महिन्यात येथे चहाची पाने खुडली जातात व जूनमध्ये भाताची लावणी होते. गावाकडे लावणी केलेल्या माणसाला ही खाचरे पाहून बरे वाटल्याशिवाय राहत नाही.

मुख्य दाराकडे वळल्यावर क्रौंच पक्ष्यांचे पिंजरे लागतात. डोक्यावर लाल ठिपका असलेले हे ‘तांचो’ क्रौंच बागेत पूर्वापार पाळले जात, पण महायुद्धानंतर त्यांपैकी एकही उरला नाही. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी साहित्यिक को मोजो यांनी १९५६ मध्ये चीनहून दोन क्रौंच भेट पाठवले आणि परंपरा पुन्हा सुरू झाली. १ जानेवारीला हे पक्षी बागेत मोकळे सोडतात. त्या सुमारास आपण जपानमध्ये असाल आणि थंडी सोसत असेल, तर सुट्टीची गर्दी टाळण्याचा वर दिलेला सल्ला फक्त त्या एका दिवसापुरता मोडावा.

सावकाश चालल्यास या साऱ्याला दोन ते अडीच तास लागतात. बागेतल्या चहाच्या दुकानात माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, आणि त्याबरोबर छोटीशी मिठाई मिळते. आणलेला डबा कोठे उघडता येईल, हे दाराशीच विचारून घ्यावे, नाहीतर बाहेर नदीकाठी बसून जेवावे.

किल्ला, आणि नंतरचे

बागेच्या दक्षिण दाराने बाहेर पडले की त्सुकिमि पूल लागतो, आणि ‘असाही’ नावाची नदी ओलांडताच किल्ला. मुख्य दाराने पुन्हा बाहेर पडल्यास उगाच वळसा पडतो. उकिता हिदेइए याने १५९७ मध्ये पूर्ण केलेला हा किल्ला काळ्या फळ्यांमुळे ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणून ओळखला जातो. सकाळी गाडीतून पाहिलेला हिमेजीचा पांढरा किल्ला आणि हा काळा, असे दोन्ही एकाच दिवशी पाहायला मिळतात. २९ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात मुख्य वास्तू जळाली. आज दिसते ती १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेली असून २०२२ मध्ये डागडुजीनंतर पुन्हा खुली झाली. आत शिवकालीन गडांसारखा जुना दगडी अनुभव मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र वरच्या मजल्यावरून आपण नुकतीच चालून आलेली बाग संपूर्ण दिसते, आणि त्यासाठी वर जाणे योग्य आहे. काही मजल्यांपर्यंत लिफ्ट आहे. आवारातील त्सुकिमि बुरूज मात्र खरा जुना आहे, तो बाहेरून पाहावा. जुन्या दगडी तटबंदीकडेही दोन मिनिटे लक्ष द्यावे.

येथून ओकायामापासून रेल्वेने पंधरा-सतरा मिनिटांवर असलेल्या कुराशिकीच्या जुन्या वस्तीतही त्याच दिवशी जाऊन यावे, असे मुले हमखास सुचवतील. जागा सुंदर आहे, तेथील ओहारा कलासंग्रहालय १९३० पासूनचे आहे. पण दोन्ही एका दिवसात केल्यास बागेतला वेळ कापला जातो. कुराशिकीसाठी वेगळा दिवस ठेवावा आणि तो सोमवार नसावा, कारण संग्रहालय सहसा सोमवारी बंद असते.

चारच्या सुमारास शिरोशिताहून ट्रामने स्थानकावर परतावे. गाडी पकडण्याआधी स्थानकातल्या दुकानांतून किबी दांगो घ्यावेत. चिकट तांदळाच्या पिठाचे हे मऊ गोड गोळे बहुतेक प्रकारांत मांस-माशांपासून मुक्त असतात, तरी भाषांतराच्या अॅपने वेष्टनावरचे घटक एकदा पाहून घ्यावेत. जुलै-ऑगस्ट असेल तर येथील पांढरे पीच घरी न्यावे. महाग असतात, नाजूकही, म्हणून पेटी मांडीवर ठेवावी आणि एक-दोन दिवसांत संपवावे. भारतात परतताना फळे सामानात घालू नयेत, विमानतळावर ती अडवली जातात.

परतीसाठी शिन-ओसाका किंवा त्यापुढे तोक्योकडे जाणारी कोणतीही गाडी चालते. अनारक्षित डबे गाडीच्या एका टोकाला असतात. त्यांचे क्रमांक फलकावर पाहून फलाटावर आखलेल्या रांगेत उभे राहावे. तोक्योकडे जाणारी गाडी शिन-ओसाकाला फार वेळ थांबत नाही, म्हणून शिन-कोबे गेले की सामान आवरून ठेवावे. साडेपाचच्या आत शिन-ओसाकाला पोहोचल्यास पुढच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. त्यानंतर मात्र कचेऱ्या सुटतात. गाडीत बसल्यावर डब्याचा क्रमांक आणि पोहोचण्याची वेळ मुलांना संदेशाने कळवावी, म्हणजे त्यांना कचेरीतून वारंवार फोन करावा लागत नाही.